मुठीवरची हिरवी फीत

कुलूपवाल्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: पितळी कुलूप आणि बायकोच्या हातचा चहा. त्यातही चहावर पहिला घोट घेतल्याशिवाय नाही. उभा जन्म त्यांनी बाजारातल्या अरुंद दुकानात कुलपं दुरुस्त करण्यात घालवला. कुणी किल्ली हरवली म्हणून बोलावलं, की हत्यारांची पिशवी खाली ठेवून ते आधी त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळायचे. "घर तुमचंच ना? मग आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे, सांगा बघू." बिचारा स्वतःच्याच दारात उभा राहून चोरासारखा घाम पुसायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही असंच बघितलं होतं हो माझ्याकडे. जशी मीच कुणाचं तरी कपाट फोडून आलेय!"

पुढे लोकांच्या दारांना आकडे दाबून उघडायची कुलपं आली आणि दुकानात माश्या मारायची वेळ आली. एकुलती एक लेक परदेशात, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. ती फोनवर रोज म्हणायची, "बाबा, मी इथे एकटी, तुम्ही तिथे दोघंच. या ना इकडे कायमचे." शेवटी दुकान विकलं, दुकानावरची राहती खोलीही विकली, आणि दोघं लेकीकडे आले. परत जायचं म्हटलं तर तिकडे पाय टेकायला जागा उरली नव्हती.

आणि इकडे आल्याआल्या कळलं, की इथलीही जागा पक्की नाही. घर लेकीला एकटीला भाड्यानं दिलेलं. घरमालकानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आईवडिलांना आणा, हिवाळाभर राहू द्या. मग मी शेजारणीला विचारीन. तिची काही तक्रार नसेल तर राहतील. असेल तर मला दुसरं बघावं लागेल." मजल्यावर घरं दोनच, त्यामुळे शेजारी म्हणजे एकच म्हातारी बाई. तिनं नाक मुरडलं की यांचा मुक्काम संपला. कुलूपवाल्यांना हे ऐकूनच ठसका लागला. ज्या बाईची भाषा येत नाही, जिचं तोंड धड बघितलेलं नाही, तिच्या हातात आपलं म्हातारपण!

"आणि बाबा," लेक चाचरत म्हणाली, "तुम्ही कुलपं उघडता, हे इथे कुणाला सांगू नका हं. उगाच लोकांच्या डोक्यात काहीतरी यायचं."

"म्हणजे मी चोर?"

"तसं कुठे म्हणाले मी?"

"तू नाही गं. ते म्हणणार."  हत्यारं त्यांनी सामानातून आणली होतीच. ती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरून ठेवली. काकूंना भात करताना हाताला कानस लागली, तेव्हा त्यांनी नुसता कपाळावर हात मारला.

घर लहान होतं, पण स्वच्छ. एक झोपायची खोली लेकीची, बाहेरच्या खोलीत या दोघांचा सोफा-कम-बेड, आणि स्वयंपाकघर असं की काकूंनी पोळी लाटायला घेतली की कुलूपवाल्यांनी बाहेर पडायचं. शेजारणीचं दार यांच्या दाराला काटकोनात, कोपऱ्याला कोपरा लागलेलं. दोन्ही स्वयंपाकघरांची भिंत एकच. यांच्या दाराला बाहेर बघायचं भिंग होतं, त्यातून शेजारणीचं दार तिरकं पण पुरतं दिसायचं. कुलूपवाल्यांना त्या घरात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ते भिंग. चहा झाला की ते तिथे स्टूल टाकून बसायचे. काकू म्हणायच्या, "टीव्हीला पैसे पडतात, हे फुकट आहे."

भिंगातून जे दिसलं ते त्यांना बिलकूल आवडलं नाही. शेजारीणबाई सुकलेली, ताठ मानेची, काठी घेऊन चालणारी. बाहेर पडली की आधी यांच्या दाराकडे बघायची, मग दार ओढून दोनदा ढकलून तपासायची. "बघ," कुलूपवाले कुजबुजत, "आपण आलोय म्हणून तपासते." ते आल्यावर थोड्याच दिवसांत एक माणूस ड्रिल घेऊन तिच्याकडे आला. आतून भिंतीला दणके बसले. तो गेल्यावर तिनं दार लावलं तेव्हा लॅचच्या टकपाठोपाठ लोखंड सरकल्याचा आवाज आला. कुलूपवाल्यांनी कान टवकारले. "आतून नवी कडी बसवलीन! आपल्यामुळे!"

"तुम्ही नाही का आल्याआल्या दोन बसवल्यात?" काकू म्हणाल्या.

"मी सावध माणूस आहे. ती संशयी आहे."

यावर काकूंनी कांदा चिरायला घेतला. तसं केलं की डोळ्यांतलं पाणी हसण्याचं की कांद्याचं, ते कुणाला कळत नाही.

दुसरा संशय वरच्या मजल्यावरच्या चष्मेवालीचा. ती रोज सकाळी कामावर जायला जिना उतरायची, शेजारणीच्या दारापाशी क्षणभर थांबायची, दाराच्या मुठीकडे बघायची आणि चालू पडायची. बोलणं नाही, घंटी नाही. रोज! कुलूपवाल्यांनी डोकं खाजवून खाजवून उत्तर काढलं, की ही पाळत आहे. कुणाची आणि कशासाठी, ते मात्र कळत नव्हतं.

ते एका सकाळी कळलं, असं त्यांना वाटलं.

लेक अंधारातच ड्यूटीवर गेली होती. काकू अंघोळीला. कुलूपवाले चहाचं आधण ठेवत होते आणि भिंतीपलीकडून धप्प असा आवाज आला. मोठा, जड. ते दचकले. पहिला विचार आला तो हा, की म्हातारीनं काहीतरी भिंतीवर फेकून मारलं. काल काकूंनी मिक्सर लावला होता, त्याचा राग. त्यांनी दोन्ही कड्या हळूच सरकवल्या आणि दार किलकिलं करून बाहेर डोकावले. बाहेर कुणी नव्हतं. पण शेजारणीच्या दाराच्या मुठीवर एक हिरवी फीत बांधलेली होती. चहाआधी ते कधी दारापाशी जात नसत, त्यामुळे ती आजवर त्यांच्या नजरेला पडली नव्हती.

कुलूपवाल्यांच्या अंगावर काटाच आला. आमच्या तुमच्यासारख्याला फीत दिसली असती, त्यांना दोरा दिसला. त्यांच्या धंद्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं: चोर आधी घराच्या कडीला दोरा बांधून जातो. दोरा तसाच राहिला म्हणजे दार कुणी उघडलेलं नाही, घर रिकामं आहे, खुशाल या. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "कडीला दोरा दिसला की आधी तोडा, मग मला बोलवा." आणि आता चष्मेवाली रोज मुठीकडे का बघते, याचाही उलगडा झाला.

म्हातारीचं वाईट व्हावं असं काही त्यांच्या मनात नव्हतं, हे खरं. पण खरी भीती वेगळीच होती. चोरी तिच्याकडे होणार आणि बोट कुणाकडे दाखवणार? नवे कोण आलेत? त्यात तांदळाच्या डब्यात हत्यारं निघाली म्हणजे संपलंच. ते पुढे झाले, गाठ सोडली, फीत खिशात कोंबली आणि मांजरासारखे परत आत आले. काकू केस पुसत बाहेर येत होत्या. त्यांनी खिशातून डोकावणारं हिरवं टोक बघितलं.

"काय हो ते?"

"काही नाही. तुला कळायचं नाही."

थोड्या वेळानं चष्मेवाली जिना उतरली. कुलूपवाले भिंगाला डोळा चिकटवून श्वास रोखून उभे. ती थांबली. मुठीकडे बघितलं. मूठ मोकळी. मान हलवली आणि झपझप निघून गेली. "गेली!" कुलूपवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "डाव फसला तिचा! बघितलंस? परदेशात येऊनसुद्धा खूण ओळखली मी!"

तेवढ्यात भिंतीवर टकटक सुरू झाली.

टक, टक, टक. थांबायची, पुन्हा यायची. काकू म्हणाल्या, "अहो, बघून या ना जरा. काही हवं असेल तिला."

"हवं कसलं! तक्रारीची तयारी आहे ही. आपण गेलो, की मालकाला सांगेल, हे लोक दारात येऊन त्रास देतात. आपली भाषा तिला कळत नाही, तिची आपल्याला. काय बोलणार? तू मिक्सर लावू नकोस म्हणजे झालं."

टकटक चालूच राहिली. दुपारच्या जेवणाच्या वेळी कुलूपवाल्यांचा संयम सुटला. खलबत्त्यातला बत्ता उचलून त्यांनी भिंतीवर दाणदाण ठोकलं. "आम्हालाही हात आहेत म्हणावं!" पलीकडे एकदम शांत झालं. मग हळूच दोन टकटक आल्या, आणि पुढे काही नाही. "बघ, बसली गप्प," ते म्हणाले आणि जेवायला बसले. काकूंनी मात्र ताट तसंच बाजूला सारलं. "मला काही बरं वाटत नाही हे," म्हणाल्या. त्या उठून दाराकडे गेल्याही, पण यांनी "माझ्या गळ्याची शपथ" म्हणून त्यांना खाली बसवलं. शपथ घालायची सवय माणसाला कुठे घेऊन जाईल सांगता येत नाही.

संध्याकाळी चष्मेवाली परतली, हातात पावाची पिशवी. या वेळी तिनं शेजारणीची घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. हाक मारली. एवढ्यात लेक जिना चढून आली आणि दोघींचं त्यांच्या भाषेत बोलणं सुरू झालं. कुलूपवाले भिंगामागून बघत होते. चष्मेवालीच्या आवाजात काहीतरी होतं, ते चोराच्या आवाजात नसतं. लेकीनं दार ठोठावलं.

"बाबा, दिवसभर घरीच होतात ना? शेजारच्या बाई दिसल्या का आज?"

"नाही. का?"

"एकट्या राहतात ना त्या. रात्री झोपताना बाहेर मुठीला फीत बांधतात आणि सकाळी उठल्या की काढतात. ही वरची ताई जाता जाता बघते. फीत निघालेली असली म्हणजे बाई ठीक आहेत. तशीच असली तर आत जाऊन बघायचं. मीसुद्धा रोज बघायचे ती फीत, मला वाटायचं शोभेची आहे. आज ताई गेली तेव्हा काढलेली होती, म्हणून ती निवांत गेली. पण आता दार उघडत नाहीत."

कुलूपवाल्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मागे बघितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या खिशाकडेच बघत होत्या.

चष्मेवालीकडे जादा किल्ली होती. तिनं लॅच उघडला, पण दार हललं नाही. आतून कडी होती. ती नवी, यांच्या भीतीनं बसवलेली. चष्मेवाली फोनवर ओरडून मदत मागू लागली. पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, तिचा चेहरा पडला. "वेळ लागेल म्हणतात," लेक म्हणाली.

कुलूपवाले आत वळले. तांदळाचा डबा त्यांनी जमिनीवर पालथा केला. तांदूळ सगळीकडे उधळले.

"बाबा, नको!" लेक आडवी आली. "उद्या मालक विचारेल, तुमच्याकडे ही हत्यारं कशी?"

"विचारू दे. बाजूला हो."

 पोलादी पट्टी दाराच्या फटीत दोनदा अडकली. आयुष्यात त्यांनी इतकं वाईट काम कधी केलं नव्हतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते स्वतःशीच पुटपुटत होते, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे, सांग... सांग ना..." मग कडी सरकली.

आत शिरल्यावर डाव्या हाताला स्वयंपाकघर होतं. बाई भिंतीला टेकून जमिनीवर पडल्या होत्या, पाय वेडावाकडा, हातात चमचा. ओठ सुकून गेले होते. डोळे उघडे होते, आणि जिवंत होते. काकू गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि त्यांनी बाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुढचे दिवस कुलूपवाल्यांचं नुसतं कौतुकच कौतुक. चष्मेवाली दिसली की हात जोडायची. घरमालकाचा फोन आला, म्हणाला, शाबास! मग सावकाश असंही म्हणाला, की राहायचं मात्र बाईंनाच विचारीन, माझा शब्द तसा आहे. फीत काढून झाल्यावरच बाई पडल्या असाव्यात, असंच सगळे धरून चालले होते. बाईंना त्या सकाळचं नीट आठवत नव्हतं. म्हणजे खरं काय ते दोनच माणसांना ठाऊक, आणि त्यातलं एक जन्माचं जोडीदार.

"तू सांगणार आहेस का?" एकदा त्यांनी काकूंना विचारलंच.

"मी कशाला सांगू? तोंड काय मला एकटीलाच दिलंय देवानं?"

लेकीबरोबर ते हॉस्पिटलात गेले. सांगायचं नाही, नुसतं भेटून यायचं, असं ठरवून गेले. लेकीच्या घरात म्हातारपणी कोपरा मिळतोय, तो आपल्या हातानं का घालवायचा? पण बाईंनी त्यांना बघताच दोन्ही हात पुढे केले आणि भरभर काहीतरी बोलल्या. लेकीचे डोळे भरून आले.

"बाबा, त्या म्हणतायत, मी दिवसभर चमच्यानं भिंत वाजवत होते. वाटलं, कुणाला ऐकूच जात नाही, आता डोळे मिटावेत. तेवढ्यात तुम्ही पलीकडून वाजवून उत्तर दिलंत. मग धीर आला, की कुणाला तरी ठाऊक आहे, कुणीतरी येईल. म्हणून जाग राहिली म्हणतात."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. कुलूपवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "सांग, ते उत्तर नव्हतं. मी रागानं वाजवलं. आणि फीत मी काढली."

"बाबा?"

"सकाळी मी काढली ती. चोरांची खूण समजून. सांग!"

लेक मग बाईंकडे वळून हळूच चार शब्द बोलली. बाई हसल्या आणि मान डोलावली. कुलूपवाल्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढं सगळं एवढ्याशा शब्दांत? आणि हसायला काय झालं? ही पोरगी आपल्याला वाचवतेय! पोटच्या पोरीवरही त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं.

त्यांनी खिशातून फीत काढली. कॉटच्या दांड्याला बांधली. डोळे मिटून, गालाला हात लावून झोपल्याचं दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, फीत सोडली आणि खिशात घातली. पुन्हा छातीवर बोट ठेवलं. बत्त्यानं भिंत ठोकल्याचं केलं, दात ओठ खाऊन, जसं त्या दिवशी ठोकलं होतं तसं. मग फीत बाहेर काढून बाईंच्या पांघरुणावर ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी फितीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.  रात्री काकूंनी विचारलं तेव्हा कुलूपवाले म्हणाले, "बॅगा माळ्यावरून काढून ठेव." काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत."

मालक हॉस्पिटलात जाऊन आला आणि थेट घरी आला. लेकीनं त्याला खुर्ची दिली. तो काय बोलतोय ते कळत नसल्यानं कुलूपवाले त्याच्या बुटांकडे बघत बसले. मग लेक रडायलाच लागली, तशा काकूही रडायला लागल्या, काय झालं ते न कळता.

"बाबा, त्यांनी सगळं सांगितलं मालकाला. फितीचं, भिंतीचं, सगळं. म्हणाल्या, पहिल्यांदा फार राग आला. मग आठवलं, ती कडी मीही त्यांच्याच भीतीनं बसवली होती. ती नसती तर किल्लीनं दार लगेच उघडलं असतं. आम्ही दोघं सारखेच मूर्ख."

"मूर्ख म्हणाल्या?"

"हो. आणि म्हणाल्या, तो माणूस दिवसभर भिंगातून माझ्या दाराकडे बघतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भिंगात डोळा आला की अंधार दिसतो बाहेरून. इतकी वर्षं इथे राहते, माझ्या दाराकडे इतकं कुणी बघितलं नाही. त्याला राहू द्या. फक्त फितीला हात लावायचा नाही म्हणावं."

कुलूपवाले उठून सांडलेले तांदूळ वेचतात तसे जमिनीवर काहीतरी शोधत राहिले. तांदूळ काकूंनी केव्हाच भरून ठेवले होते.

बाई वॉकर घेऊन घरी परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूपवाले उजाडायच्या आधीच स्टुलावर बसले. भिंगातून मुठीवरची फीत दिसत होती. उजाडलं. जिन्यात ऊन आलं. फीत तशीच. "काहीतरी गडबड आहे," ते पुटपुटले. काकूंनी हाक मारली, "अहो, चहा निवतोय." फीत तशीच. त्यांनी दोन्ही कड्या काढल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा काढल्या.  आता जायचंच, असं म्हणून त्यांनी मूठ धरली, आणि तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं.

सुरकुतलेला हात बाहेर आला. सावकाश गाठ सोडली. मग बाईंनी डोकं बाहेर काढलं, सरळ यांच्या भिंगाकडे बघितलं आणि फीत दोनदा हलवून दाखवली. दार लागलं. कुलूपवाल्यांनी सवयीनं कान दिला. लॅचचा टक झाला. पुढे लोखंड सरकायचा आवाज येईल म्हणून ते थांबले. आला नाही. आणखी थांबले. तरी आला नाही.

काकू चहाचा कप घेऊन आल्या तेव्हा ते दाराला कपाळ टेकून उभे होते आणि डोळे पुसत चिडून म्हणत होते, "कसली बावळट बाई आहे! कडी तरी लावावी की नाही माणसानं!"